हिरवा, तिखट, चामड्याचा: असा सेंट कोकणात कसा पारखावा

आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी सेंट म्हणजे लग्नकार्याला कपाटातून काढायची वस्तू. मोगरा, गुलाब, फार तर वाळा. त्यामुळे मी पहिल्यांदा हिरव्या-तिखट चामड्याच्या वासाचा परफ्यूम लावून माजघरात आले, तेव्हा आई कामावरून उठून जवळ आली, मनगट हुंगलं आणि म्हणाली, "ह्यां काय लावलंस गो? भिजलेल्या चपलेचो वास येता."

जुलै महिना होता. आईचं नाक बरोबर सांगत होतं. मी ती बाटली मुंबईतल्या एका थंडगार दुकानात कागदाच्या पट्टीवर दोन मिनिटं हुंगून घेतली होती आणि ऐन पावसात गावी आणून अंगावर मारली होती. तोच सेंट पुढच्या पौषात, कोरड्या गार सकाळी, एकच फवारा मारून लावला तेव्हा आई म्हणाली, "आज बरो वास येता. मिरवेलीखालसून इल्यासारखो." बाटली तीच, माणूस तेच. फरक पडला तो हवेचा, मात्रेचा आणि थांबण्याचा. कोकणात राहून असा सेंट पहिल्यांदा लावून बघणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

बाटलीत चामडं नसतं

पहिली शंका हीच असते, आणि देवळात जाणाऱ्या, सोवळं पाळणाऱ्या घरांत ती विचारलीही जाते. उत्तर सोपं आहे. गुलाबापासून गुलाबाचं अत्तर निघतं तसं चामड्यापासून तेल काढून सेंटात घालत नाहीत. चामड्याचा वास रचावा लागतो. जुन्या काळी त्यात बीव्हर या प्राण्यापासून मिळणारा कॅस्टोरियम नावाचा पदार्थ पडत असे. आज बहुतेक ठिकाणी त्याची जागा प्रयोगशाळेत बनलेल्या द्रव्यांनी घेतली आहे. तुमच्या घरी हा प्रश्न महत्त्वाचा असेल, तर घेण्याआधी विक्रेत्याला तेवढं स्पष्ट विचारा.

चामडं आणि सुगंध यांचं नातं मात्र जुनं आहे. फ्रान्समधलं ग्रास हे गाव आज सुगंधाचं माहेरघर म्हणून ओळखलं जातं, पण मुळात ते चामडं कमावणाऱ्यांचं गाव. कमावलेल्या चामड्याचा दर्प झाकायला हातमोज्यांना सुगंध लावायची पद्धत पडली आणि हळूहळू हातमोजे मागे राहून सुगंधाचाच धंदा मोठा झाला. आपल्याकडे कनौजचे अत्तरवाले तयार अत्तर चामड्याच्या कुपीत भरून ठेवत, म्हणजे त्यातला उरलासुरला पाण्याचा अंश चामड्यातून उडून जाई. म्हणजे ही जोडी आपल्यालाही परकी नाही.

चामड्याचा वास रचायच्या दोन वाटा नवख्या माणसाने लक्षात ठेवाव्यात. एक वाट धुराची. बर्च झाडाच्या सालीपासून काढलेलं काळं डांबरी तेल, ज्याने रशियात बुटाचं चामडं माखत असत. त्या वाटेचे सेंट धुरकट, कोरडे लागतात. दुसरी वाट आयसोब्युटिल क्विनोलीन नावाच्या द्रव्याची. हे निसर्गात मिळत नाही, बनवावं लागतं. त्याचा वास एकाच वेळी चामड्याचा, मातकट, कडू आणि हिरवट असतो. त्यामुळेच हिरवं आणि चामडं एकमेकांत इतकं मुरतं. जर्मेन सेलिए या फ्रेंच सुगंधकार बाईंनी १९४४ साली रॉबर्ट पिगे या घराण्यासाठी 'बँडिट' केला, त्यात या क्विनोलीनला गॅल्बनम या हिरव्या वासाच्या चिकाची जोड होती. पुढे १९५९ मध्ये बर्नार्ड शाँ यांनी ग्रे या घराण्यासाठी 'कबोशार' केला. पुरुषांचा म्हणून विकला जाणारा 'अरामिस' हाही त्यांच्याच हातचा. या तिघांपैकी एकाचं सॅम्पल मिळालं तर हा वास काय आहे ते नीट कळतं. बँडिट सगळ्यांत कडक आहे, त्याने सुरुवात करू नये असं माझं मत. कबोशारने करावी.

नाक आधी घरातच तयार करा

सेंटाच्या खोक्यावरची यादी वाचून काही कळत नाही. गॅल्बनम, ओकमॉस ही नावं वाचून डोळ्यांपुढे काहीच येत नाही. पण या यादीतल्या जवळजवळ प्रत्येक वासाचा सख्खा नाहीतर चुलत भाऊ कोकणातल्या घरात आहे. सॅम्पल येण्याआधीचे आठ दिवस त्यांच्या ओळखीत घालवा. हा टप्पा मी सगळ्यांत महत्त्वाचा मानते.

सुरुवात हिंगापासून. गॅल्बनम हा इराणकडच्या एका झुडपाचा चीक, आणि ते झुडूप हिंगाच्याच कुळातलं, फेरुला. डब्यातला पिठाळ हिंग नको, त्यात पीठ आणि डिंक जास्त असतो. खडा हिंग मिळाला तर एक कण वाटीत ठेवून हातभर अंतरावरून हुंगा. वरचा उग्र, लसणासारखा भाग सोडून द्या आणि त्याच्या मागचा चिकाचा कडूपणा शोधा. मग ढोबळी मिरची मधोमध चिरून लगेच नाकाशी न्या. तो जो थंड, हिरवा, काहीसा कच्चा वास येतो, त्याच्यामागचं पायराझिन जातीचं द्रव्य गॅल्बनममध्येही असतं. त्याला आपलं नाक इतकं हळवं आहे, की पाण्याच्या लाख कोटी भागांत दोन भाग असला तरी कळतो. सेंट मारल्यावर पहिल्या मिनिटाला नाकात घुसतं ते मुख्यतः हेच, आणि बरेच नवखे तिथेच तोंड फिरवतात. मिरचीची आधी ओळख झाली असेल तर तो दचका बसत नाही.

मे महिन्यात आंबा काढणीच्या वेळी देठ मोडला की चीक फुटतो. तो चीक अंगाला लागू देऊ नका, पोळतो. पण कलमाखाली उभं राहून हवेत जो हिरवा, राळेसारखा झणका येतो तो लक्षात ठेवा. हिरव्या चामड्याच्या सेंटात वरचा थर (आधी येऊन उडून जाणारा वास) आणि मधला थर (त्याच्यामागून येणारा) जिथे जुळतो, तिथे मला नेमका हाच वास भेटतो.

मसाल्यासाठी तिरफळासारखा गुरू नाही. घाटावरच्या पाहुण्यांना तिरफळ दाखवलं तर ते आधी मिरी समजतात. बांगड्याच्या किंवा तारल्याच्या आमटीत पडणारं हे फळ संत्र्या-लिंबाच्या कुळातलं आहे. परदेशी सेंटांत जी सिचुआन मिरी घालतात, ती त्याचीच जातभाई. सुकं तिरफळ घ्या, आतलं काळं बी टाकून द्या, टरफल दोन बोटांत चुरडा. पहिला श्वास लिंबाच्या सालीचा, दुसरा मिऱ्याचा, तिसरा ओल्या पानाचा. तिखट आणि हिरवं एकाच श्वासात कसं बसतं हे यापेक्षा चांगलं कुठेच कळणार नाही. मी अजूनही नवा मसालेदार सेंट हुंगण्याआधी एक तिरफळ चुरडते.

मिरी खलबत्त्यात ठेचून हुंगा. सेंटात पडतं ते मिऱ्याचं उडणारं तेल. जिभेला झोंबणारं पायपरिन उडत नाही, त्यामुळे ते त्या तेलात उतरत नाही. म्हणून सेंटातली मिरी झोंबत नाही, ती कोरडी आणि लाकडासारखी लागते. लवंग आणि दालचिनीही वेगवेगळी हुंगून ठेवा, कारण या जातीच्या सेंटात त्या जराशाच असतात आणि त्यांना वेगळं ओळखायला वेळ लागतो.

आता दगडफूल. मालवणी मसाल्यासाठी आणलेल्या पुडीतून एक तुकडा बाजूला काढा. या जातीच्या सेंटांचा तळ, म्हणजे शेवटी उरणारा वास, ओकमॉसचा असतो. ओकमॉस म्हणजे युरोपात ओकच्या झाडांवर वाढणारी एक दगडफुलासारखीच गोष्ट. दोन्ही एकाच प्रकारच्या, बुरशी आणि शेवाळ एकत्र नांदून बनलेल्या. १९१७ साली फ्रांस्वा कोटी यांनी 'शिप्र' नावाचा सेंट काढला आणि तेव्हापासून लिंबूवर्गीय माथा आणि शेवाळी तळ असलेल्या सेंटांना तेच नाव पडलं. दगडफूल कोरडं हुंगा, मग त्यावर पाण्याचा एक थेंब टाकून हुंगा. कोरडं असताना ते धुळीसारखं, कागदासारखं लागतं. ओलं झालं की पहिल्या पावसात भिजलेल्या चिऱ्याच्या गडग्याचा वास देतं. पावसाळ्यात सेंट का बदलतो, त्याचं निम्मं उत्तर या एका थेंबात आहे.

शेवटी चामडं. नव्या कोल्हापुरी चपलेचा वास सगळ्यांना ठाऊक आहे, पण तो थांबून कोणी घेत नाही. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली ही चप्पल रसायनांनी कमावलेली नसते. बाभळीची साल आणि हिरडा यांनी ते चामडं कमावतात, म्हणून त्याच्या वासात झाडाच्या सालीचा तुरटपणा असतो. चपलेपेक्षाही जवळचा वास शिमग्यातला. पालखी निघायच्या आधी ढोल सैल पडलेले असतात, तेव्हा पेंढा पेटवून त्यावर ढोलाचं तोंड शेकतात. कातडं तापून ताणलं जातं, कोणीतरी हाताने थापटून बघतं, आणि त्या क्षणाला धूर, गरम कातडं, दोरी आणि माणसांचा घाम असा एक वास उठतो. चामड्याचा चांगला सेंट चौथ्या-पाचव्या तासाला मला तिथे नेऊन उभं करतो.

धुराच्या वाटेचा सेंट घेणार असाल, तर चुलीत काजूबिया भाजताना येणारा तिखट, तेलकट धूरही आठवून ठेवा. लांबूनच. टरफलातलं तेल कातडी जाळतं आणि धूर डोळ्यांना झोंबतो.

बाटली नको, सॅम्पल घ्या

१०० मिलीच्या बाटलीत साधारण हजार फवारे असतात. कोकणात हा सेंट रोज लावणं शक्य नाही. आठवड्यातून दोनदा एक फवारा धरला तर बाटली नऊ-दहा वर्षं पुरेल. न हुंगता एवढा माल घरात आणण्यात काही अर्थ नाही. २ मिलीची कुपी घ्या. त्यात २० ते ३० फवारे निघतात, आणि पुढे जे सगळे टप्पे सांगणार आहे त्यांना ते पुरून उरतात. मोठ्या बाटलीतून लहान कुपीत काढून विकणारे 'डिकँट'वाले आता भरपूर आहेत. मात्र विक्रेता ओळखीतून, कोणीतरी आधी घेतलेला बघा, कारण लहान कुपीत खरं-खोटं ओळखणं अवघड असतं. सेंटात अल्कोहोल असल्यामुळे तो ज्वलनशील माल ठरतो, विमानाने पाठवायला बंधनं असतात. म्हणून कुरियर बहुधा रस्त्याने येतं आणि तळकोकणात पोचायला चार दिवस जास्त घेतं. उन्हाळ्यात मागवत असाल तर आल्या आल्या उघडू नका. डबा एक दिवस घरात गार जागी राहू द्या.

एक गोष्ट विचारून घ्या, कुपीतला माल नवा की जुना. ओकमॉसमध्ये नैसर्गिकपणे येणाऱ्या ॲट्रॅनॉल आणि क्लोरोॲट्रॅनॉल या द्रव्यांमुळे काहींच्या कातडीला त्रास होतो, म्हणून युरोपीय महासंघाने २०१७ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. त्याच्या आधीही सुगंध उद्योगाने स्वतः ओकमॉसवर मर्यादा घातल्या होत्या. त्यामुळे एकाच नावाची जुनी आणि नवी बाटली एकसारखी लागत नाही. तुमच्या मामाकडे वीस-तीस वर्षांपूर्वीची परदेशातून आणलेली बाटली असेल आणि तुमचं सॅम्पल वेगळं लागलं, तर लगेच विक्रेत्यावर संशय घेऊ नका.

महिना, वेळ आणि वारा

दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचा काळ उत्तम. त्यातही पौष-माघ. पहिली ओळख जून ते सप्टेंबर कधीही करू नका. पावसाळ्यात आपल्याकडे कपाटातल्या पट्ट्याला, पाकिटाला, चपलेला पांढरी बुरशी धरते आणि घरभर तो कुबट वास बसलेला असतो. आपलं नाक महिनाभर कुबटपणाच्या शोधात असतं. अशा नाकापुढे चामडं आणि शेवाळ आणलं की ते त्याला बुरशीच समजतं. आईचं तेच झालं होतं.

मे महिन्याची अडचण वेगळी. उष्णतेने वरचा हिरवा थर दहा मिनिटांत उडून जातो, मधला मसाला घामात मिसळतो, आणि ज्या चामड्याची दोन तासांनी भेट व्हायची ते अर्ध्या तासातच पुढे येऊन बसतं. वाईट नसतं, पण पहिल्यांदाच असं भेटलं तर ते अंगावर येतं.

दिवसातली वेळ निवडताना वाऱ्याचा विचार करा. किनाऱ्यावर दुपारभर समुद्राकडून खारा वारा वाहतो. त्यात फवारा मारला तर निम्मा शेजारच्या खळ्यात जातो आणि उरलेल्यावर मिठाचा, माशाचा, वाळूचा वास चढतो. रात्री उशिरा आणि पहाटे जमिनीवरून मतलई सुटतो. या दोघांच्या मधे, सूर्य बुडाल्यानंतर खारा पडतो आणि मतलई अजून सुटलेला नसतो, तेव्हा अर्धा-पाऊण तास हवा अगदी ठप्प असते. माडाची झावळीही हलत नाही. पहिला फवारा त्या वेळी, पडवीत बसून मारा. दिवेलागणीला उदबत्ती लागायच्या आधी उरका, आणि स्वयंपाकघरात बांगडे तळायला घेतलेले नसावेत.

कागद, मग हात, मग आख्खा दिवस

पहिल्या संध्याकाळी फक्त कागद. खास पट्टी नसेल तर बिनवासाचा जाड पांढरा कागद बोटभर रुंद कापा. वितीच्या अंतरावरून एक फवारा, मग वीस-तीस सेकंद काही करू नका, अल्कोहोल उडू द्या. नाकाला चिकटवून हुंगू नका, चार बोटं लांब धरून दोन छोटे श्वास घ्या आणि बाजूला ठेवा. पुन्हा पाच मिनिटांनी, मग पंधरा, मग तासाने. पट्टी रात्रभर कपाटावर राहू द्या आणि सकाळी तोंड धुवायच्या आधी हुंगा. सकाळी उरलेला वास हा या सेंटाचा तळ. तो नकोसा वाटला तर पुढे जाऊ नका, कारण अंगावर सर्वांत जास्त तास तोच राहणार आहे.

सकाळचा वास आवडला तर दुसऱ्या दिवशी हातावर. तुमची कातडी नाजूक असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक ठिपका लावून चोवीस तास बघा. लवंग-दालचिनीतली द्रव्यं आणि ओकमॉस यांनी काहींना खाज सुटते, चट्टे उठतात. काही झालं नाही तर डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटापासून चार बोटं वर, एकच फवारा. हात साध्या पाण्याने धुतलेला, पुसलेला आणि कोरडा हवा. मासे साफ केले असतील तर त्या दिवशी नकोच, लिंबू चोळलं तरी नको. आणि खोबरेल लावलेला हात नको. तेलाने सेंट जास्त टिकतो हे खरं, पण घाण्याच्या खोबरेलाचा स्वतःचा गोड वास हिरव्या कडूपणात मिसळून भलतंच काही तयार होतं.

फवारा मारल्यावर दोन मनगटं एकमेकांवर घासायची सवय सिनेमा बघून सगळ्यांना लागलेली असते. ती सोडा. घासल्याने हात गरम होतो आणि ज्या वरच्या थरासाठी एवढी खटपट केली तो झटकन निघून जातो.

आता थांबायचं. पहिली दहा मिनिटं हा सेंट कडू, कधी औषधासारखा लागतो. या वेळात मत बनवू नका. साधारण वीस मिनिटांनी मिरची मागे सरते आणि मसाला दिसू लागतो. दीड-दोन तासांनी चामडं येतं. मधेमधे नाक थकलं तर स्वतःच्या दंडाची, सेंट न लावलेली कातडी किंवा धुतलेल्या पदराचं टोक हुंगा. दुकानात कॉफीचे दाणे देतात, त्याचा उपयोग मला कधी जाणवला नाही. नाकात आणखी एक तीव्र वास भरतो इतकंच.

हे थांबणं मला एका प्रवासात उमगलं. मुंबईत संध्याकाळी सातच्या सुमारास एका दुकानात डाव्या मनगटावर फवारा घेतला, काही विकत न घेता निघाले आणि रात्री कोकणकन्या पकडली. पनवेलपर्यंत मला तो वास नको झाला होता. डब्यातल्या माणसांच्या डब्यांचे, लोखंडाचे, घामाचे वास, त्यात हा. पहाटे जाग आली तेव्हा गाडी कुठल्यातरी बोगद्यातून बाहेर पडली होती आणि खिडकीतून भाताच्या शेतांवरची गार हवा आत येत होती. सवयीने हात उशाशी घेतला. हिरवं काही उरलं नव्हतं, मसालाही नाही. मऊ, तुरट, वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या चामड्याचा वास होता आणि त्याच्या खाली कोरडं दगडफूल. आजोबांच्या पखवाजाला लावलेली कातड्याची वादी हातात धरली की असंच लागायचं. कुडाळला उतरेपर्यंत मी ते मनगट सोडलं नाही. सातला आवडलेला, मध्यरात्री नकोसा झालेला सेंट सकाळी माझा झाला होता. बारा तास न थांबता जर ठरवलं असतं, तर चुकीचंच ठरवलं असतं.

तिसरी पायरी आख्ख्या दिवसाची. सकाळी अंघोळीनंतर छातीवर, कपड्याच्या आत, एक फवारा मारून आपल्या नेहमीच्या कामाला लागा. बाजारात जा, एसटीने जा, समुद्रावर चालून या. मानेवर किंवा उघड्या हातावर मारून भर उन्हात फिरू नका, बर्गमॉटसारख्या लिंबूवर्गीय तेलांनी उन्हात कातडीवर डाग पडू शकतात. पांढऱ्या सुती कपड्यावर, रेशमावर आणि मोत्यांवर थेट मारू नका. आणि स्वतःला सेंट येईनासा झाला म्हणून दुसरा फवारा मारू नका. आपलं नाक आपल्या वासाला पंधरा-वीस मिनिटांत सरावतं, बाकीच्यांना तो येतच असतो.

दुसऱ्याचं नाक आणि आपली वही

घरच्यांना "चांगला आहे का?" असं विचारू नका. त्याला हो किंवा नाही यापलीकडे उत्तर येत नाही. "काय आठवतं?" असं विचारा. माझ्या काकीने एकदा डोळे मिटून सांगितलं, "भाताची कोठी." त्या दोन शब्दांनी मला त्या सेंटाबद्दल खोक्यावरच्या सगळ्या यादीपेक्षा जास्त कळलं. विचारताना हात नाकापुढे धरू नका, सहज शेजारी बसा. लोकांना तुमचा सेंट तेवढ्याच अंतरावरून येणार आहे.

आणि लिहून ठेवा. वासाची आठवण फसवी असते. मी शाळेच्या चौकटीच्या वहीत लिहिते. एक नोंद जशीच्या तशी देते:

"रविवार, माघ. ६.२५, पडवी, वारा नाही. डावा हात, १ फवारा. लगेच: ढोबळी मिरची, कडू, जरा साबण. ६.४५: तिरफळ! कडू कमी. ७.३०: मिरी आणि सुकं लाकूड. ८.४०: चामडं आलं, नव्या चपलेचं, ओलं नाही. १०.३०: दगडफूल, गोडसर. आई: 'काय्येक वाईट नाय.'"

शब्द शोधताना मराठीतच शोधा. उग्र, तुरट, कडवट, कुबट, कोंदट, खमंग, हिरवट, धुरकट, राळेसारखा, चिकाचा, मातकट, करपट. वासांसाठी आपल्याकडे इतके नेमके शब्द असताना उसनी विशेषणं कशाला? 'करपट' लिहिलं की त्यात धूर, कडूपणा आणि थोडी चूक हे सगळं येतं.

तीन वेळा, तीन वेगळ्या दिवशी लावून तिन्ही नोंदी वाचा. दोन नोंदींत दोन तासांनंतरचा भाग आवडलेला असेल तर १० मिलीची कुपी घ्या. पहिल्या वीस मिनिटांबद्दल काहीही लिहिलेलं असो, त्याला फार किंमत देऊ नका. मोठी बाटली घ्यायची तर एक पावसाळा त्या लहान कुपीबरोबर काढल्यावर.

किती, कुठे

कोकणातल्या हवेत या सेंटाचा एक फवारा पुरतो, थंडीच्या रात्री दोन. भजनाला, देवळात, आजारी माणसाला भेटायला जाताना नको. एसटीत गर्दीच्या वेळी नको, शेजारच्याला उतरता येत नाही. बाजार, संध्याकाळचं फिरणं, शिमग्याची रात्र, पुस्तक घेऊन पडवीत बसणं, यांना तो उत्तम.

ठेवायचा कसा

सेंटाचे तीन शत्रू: ऊन, उष्णता आणि हवा. न्हाणीघरात आणि खिडकीत कधीही ठेवू नका. लोखंडी कपाटात, खालच्या खणात, मूळ खोक्यातच उभा ठेवा. पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत कपाटही तापतं, तेव्हा चिऱ्याच्या भिंतीला लागून असलेली आतली खोली बघा. चामड्याच्या पाकिटाशेजारी नको, पाकिटाची बुरशी खोक्याच्या पुठ्ठ्यावर चढते आणि मग काढता येत नाही. अर्धी रिकामी झालेली डिकँटची कुपी लवकर संपवा, आतली हवा वरचा हिरवा थर आधी खाते. खोक्याच्या तळाशी उघडल्याची तारीख पेनाने लिहा. गणपतीनंतर पाऊस ओसरला की कागदाच्या पट्टीवर एक फवारा मारून बघा. ढोबळी मिरचीच्या जागी नुसताच आंबूस वास आला तर वरचा थर गेला. पाच मिनिटं थांबून मसाला आणि चामडं जागेवर आहे का ते बघा. ते असेल तर सेंट अजून लावण्याजोगा आहे.